भिंतीवरचे पुराण

वर्ष सरले की भिंतीवरची दिनदर्शिका निकामी होते. तिच्यावरील तारखा शिळ्या होतात, तिथी मागे पडतात, आणि चित्राखाली टाचलेला कागदांचा गठ्ठा एकेक महिना फाटत जाऊन केव्हाच संपलेला असतो. तथापि पेडणे आणि डिचोली ह्या गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्यांतल्या जुन्या घरांत चित्राची दिनदर्शिका सहसा अशी मरत नसे. वर्षअखेर तिच्या माथ्यावरची पत्र्याची पट्टी काढली जाई, तळाशी छापलेले दुकानाचे नाव कातरून टाकले जाई, आणि जे उरे ते चित्र काचेच्या चौकटीत बसून देव्हाऱ्याशेजारी किंवा ओसरीच्या भिंतीवर कायमचे मुक्कामाला येई. मग त्या चित्रातला मारुती वर्षानुवर्षे द्रोणागिरी तळहातावर घेऊन आकाशातून जात राही. शेषशायी नारायण क्षीरसागरावर पहुडलेलाच राही. मेनका विश्वामित्रापुढे तशीच उभी राही. काळ मोजण्यासाठी घरात आणलेला कागद काळाला विसरून जाई. कातरीने केलेल्या ह्या निवडीत एका प्रदेशाच्या कल्पनाशक्तीचा इतिहास दडलेला आहे.

साहित्यशास्त्राने अद्भुताला नऊ रसांत मानाचे स्थान दिले आहे, आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव मानला आहे. उडणारे विमान, बोलणारा पक्षी, शापाने शिळा झालेली स्त्री, समुद्रातून वर येणारी देवता, ह्या गोष्टी रामायण-महाभारतापासून पुराणांपर्यंत आणि कालिदासाच्या काव्यापासून लोककथांपर्यंत सर्वत्र पसरलेल्या आहेत. शतकानुशतके लोकांनी त्या ऐकल्या. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळी शकुंतला आणि निराळा रावण उभा राहत असे. छापील चित्र आले, ते दिनदर्शिकेच्या रूपाने भिंतीवर चढले, आणि ह्या असंख्य चेहऱ्यांतून एक चेहरा निश्चित झाला. हा चेहरा कोणी दिला, त्याने काय मिळवून दिले आणि त्यासाठी काय द्यावे लागले, हे पाहण्यास पेडणे-डिचोलीसारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

ह्या दोन तालुक्यांचा इतिहास उर्वरित गोव्याहून वेगळा आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेल्या आणि तेथील देवळे पाडली गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर तेथून निघाला तो डिचोलीच्या बाजूला नार्वे येथे आला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. डिचोली आणि पेडणे ह्या महालांवर त्यानंतरही दीर्घकाळ सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये. त्या वेळेपर्यंत पोर्तुगीज सत्तेचा धर्मप्रसाराचा पहिला आवेश ओसरला होता. म्हणून ह्या नव्या काबिजादींत देवळे राहिली, जत्रा राहिल्या, आणि घरात कोंकणी बोलणाऱ्या माणसांनी पोथी-पुराण मात्र मराठीतून वाचण्याची रीतही राहिली. तेरेखोल नदीच्या पलीकडील सावंतवाडीशी सोयरीक, व्यापार आणि नाटकमंडळ्यांची ये-जा चालूच राहिली. अद्भुतकथेचा पाझर ह्या प्रदेशात कधीच आटला नाही.

ह्या पाझराचे सर्वांत सुंदर स्थानिक रूप म्हणजे सात बहिणींची कथा. डिचोली तालुक्यातील शिरगावची लइराई, मुळगावची केळबाई आणि मये गावची महामाया, पेडणे तालुक्यातील मोरजीची मोरजाई, ह्या सख्ख्या बहिणी मानल्या जातात. त्यांतली एक समुद्रात अंजदीव बेटाकडे गेली, एक पाताळात गेली, आणि एक म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण झाली, असे लोक सांगतात. खेतोबा हा त्यांचा भाऊ. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत लइराईचे धोंड निखाऱ्यांवरून चालतात, मोगऱ्याच्या कळ्यांनी रस्ते भरून जातात, आणि मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदूही मेणबत्ती घेऊन जातात. दोन धर्मांना एकाच कुळात बसविणारी ही कथा कोणत्याही ग्रंथकाराने रचलेली नाही. येथे मुख्य गोष्ट ही की, ह्या देवतांना चित्रातला चेहरा नव्हता. लइराईची पूजा कळशाच्या रूपात होते. पेडणे-सत्तरीच्या गावोगावी सातेरी ही वारूळ म्हणून पुजली जाते. गोव्यात केळबाईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या शिल्पांत दोन हत्ती देवीवर जलाभिषेक करताना दिसतात. पण दगडातली ती आकृती काळाने आणि तेलाने इतकी गुळगुळीत झालेली असते की चेहरा भक्ताने मनानेच पुरा करावा.

चित्र मुळीच नव्हते असे मात्र नाही. गोवा, कोकण आणि कारवार ह्या पट्ट्यात पांढऱ्या चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो कोरून चित्रे काढण्याची कावीची कला देवळांच्या भिंतींवर नांदत होती. सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रंगविल्या जात. दहा अवतारांचे दहा संच, एकूण १२० गोल पाने. खेळता खेळता हातात मत्स्य-कूर्म-वराह यावेत अशी ती योजना होती. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे चित्रकथी सुटी रंगीत पाने घेऊन बसत आणि वाद्यांच्या साथीवर एकेक पान पुढे करीत कथा सांगत. पानांच्या ह्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणत. ही परंपरा सांभाळल्याबद्दल पिंगुळीच्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एक पान दाखवावे, कथा सांगावी, ते मागे सरकवून दुसरे पुढे आणावे, हीच पुढे बारा पानी चित्र-दिनदर्शिकेची रीत झाली. फरक इतकाच की चित्रकथ्याचे पान क्षणभर दिसे आणि त्याच्याजवळ कथा सांगणारा आवाज असे. दिनदर्शिकेचे पान महिनाभर दिसे आणि कथा घरातल्या आजीला सांगावी लागे.

चित्राची वाट अशी जुनी होती. दिनदर्शिकेची वाट त्याहून वेगळी. आशियातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातच सुरू झाला. फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. पुढे १६८४ च्या फर्मानाने देशी भाषेच्या वापरावर बंदीचा वरवंटा फिरला. परिणाम असा झाला की छपाईच्या ह्या जन्मभूमीत देवनागरी अक्षर उशिरा उमटले. १८७० च्या ‘आनंदलहरी’पासून मराठी नियतकालिकांचा आरंभ गोव्यात मानला जातो. तोवर मुंबई कितीतरी पुढे गेली होती. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले होते. त्याआधी गुढीपाडव्याला उपाध्ये घरोघर जाऊन वर्षफल वाचून दाखवीत; आता वर्ष कागदावर विकत मिळू लागले.

पेडणे-डिचोलीच्या घरात तर दोन काळ एकत्र नांदत होते. कचेरी, कर आणि जमिनीची नोंद पोर्तुगीज तारखेने चाले. शिरगावची जत्रा, पेडण्याची कोजागरीची पुनव, श्राद्ध आणि एकादशी तिथीने चालत. शेजारच्या ख्रिस्ती घरातील ईस्टरही चंद्राच्या गतीवरच ठरे आणि मिलाग्रीसचे फेस्त ईस्टरनंतर येई. तारीख आणि तिथी एकाच चौकोनात दाखविणारा कागद ही अशा घराची खरीखुरी गरज होती. सालाझारच्या राजवटीत छापील मराठी मजकुरावर नियंत्रकाची कडक नजर असे. लग्नपत्रिकाही तिच्यातून सुटत नसे, असे त्या काळाच्या आठवणींत सांगितले जाते. अशा वातावरणात चैत्र, वैशाख, ज्येष्ठ ही महिन्यांची नावे देवनागरीत भिंतीवर असणे ही साधी गोष्ट नव्हती. घरातले मूल बाराखडीबरोबर तीही अक्षरे वाचायला शिके.

कथेला छापील चेहरा देण्याचे मोठे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली आणि तिची राम-पंचायतनासारखी रंगीत चित्रे महाराष्ट्रभर गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा शिळाछाप छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले. एका चित्रासाठी रंगारंगाचे वेगळे दगड तयार करावे लागत आणि एकच कागद त्या प्रत्येक दगडाखालून नेमक्या जागी न चुकता जावा लागे. त्या छापखान्यातून निघालेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अप्सरा आणि ऋषी ह्यांची, स्वर्ग आणि तपोवन ह्यांची ती कथा. म्हणजे अद्भुताचा शुद्ध नमुना. पुढे प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. रविवर्मा १९०६ साली वारला. पण त्याची कमळावरची लक्ष्मी आणि मोरासमवेतची सरस्वती त्या दगडांवरून छापली जातच राहिली.

चित्र होते, पंचांग होते. त्या दोहोंची गाठ व्यापाऱ्याने घातली. साबण, तेल, औषधे, विडी, कापड ह्यांच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकाच्या घरात वर्षभर आपले नाव टांगून ठेवायचे होते. नुसत्या नावाला कोणी भिंत दिली नसती. म्हणून वर चित्र, मध्ये तारखा आणि खाली दुकानाचे नाव अशी दिनदर्शिका दिवाळीनंतर गिऱ्हाइकांना फुकट वाटण्याची चाल पडली. एखाद्या दुकानाची दिनदर्शिका मिळावी म्हणून गिऱ्हाईक दोन आण्यांचा जिन्नस जास्त घेई, तो तारखांसाठी नव्हे, हे दुकानदारालाही ठाऊक असे. चित्रकाराला राजाश्रय गेल्यावर मिळालेला हा नवा आश्रय होता. त्यात मान कमी असेल. परंतु एका चित्राच्या हजारो प्रती निघत, आणि कोणत्याही चित्रप्रदर्शनाला कधी लाभला नाही एवढा प्रेक्षकवर्ग त्याला लाभे.

ह्या नव्या आश्रयाखाली जे चित्रकार मोठे झाले त्यांतील दोन ठळक नावे गोव्याची आहेत. रघुवीर शंकर मुळगावकर ह्यांचा जन्म १९१८ साली अस्नोडा येथे झाला. अस्नोडा बार्देशच्या अगदी पूर्वेच्या कडेला आहे. त्याला लागूनच डिचोली तालुका सुरू होतो, आणि तेथे मुळगाव व शिरगाव ही गावे आहेत. म्हणजे केळबाई आणि लइराई ही त्या जन्मगावाची शेजारीणच. आडनावात असलेले गाव आणि त्या गावची देवी ह्यांचा मुळगावकरांच्या चित्रांशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. तरी जेथे नदीकाठी, वडाखाली आणि वारुळात देवता राहते असे लहानपणापासून कानावर पडते, तेथील माणसाला स्वर्गलोकाचे चित्र काढताना फार दूर जावे लागत नाही, एवढे खरे.

मुळगावकर मुंबईस आले आणि त्यांनी पौराणिक चित्रांची आणि दिनदर्शिकांची एक सृष्टीच उभी केली. त्यांच्या हातात एक नवे साधन होते. हवेच्या दाबाने रंगाचा अतिसूक्ष्म फवारा सोडणारे लेखणीएवढे उपकरण, ज्याला एअरब्रश म्हणतात, ते त्यांनी विलक्षण सफाईने वापरले. कुंचल्याचा फटकारा दिसत नाही, रेषा कोठे संपली आणि सावली कोठे सुरू झाली हे कळत नाही, त्वचेतून आतूनच प्रकाश यावा तसा चेहरा उजळतो, आणि पायांखालचे ढग खरोखर विरळ होत जातात. अद्भुताच्या चित्राला हे तंत्र किती अनुकूल होते, हे सहज ध्यानात येते. देवांची सावली पडत नाही, त्यांना घाम येत नाही, असे नलदमयंतीच्या आख्यानात सांगितले आहे. फवाऱ्याने रंगविलेल्या देहाला तसलीच अपार्थिवता आपोआप येते. शिवाय नव्या छपाईत चित्र बारीक ठिपक्यांनी उमटते, आणि अशा छपाईला हळुवार छटा मानवतात. म्हणून मूळ चित्रातले तेज स्वस्त कागदावरही बऱ्याच अंशी टिकून राही.

दुसरे नाव दीनानाथ दलाल ह्यांचे. त्यांचाही जन्म गोव्याचाच, १९१६ सालचा. त्यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला आणि रेषा व सपाट रंग ह्यांच्या बळावर मराठी वाचकाच्या डोळ्याला वळण लावले. मुळगावकरांचे चित्र स्वप्नासारखे विरघळणारे, तर दलालांचे रेषेने सावध केलेले, असा भेद रसिक करीत. त्याच १९१६ साली गुलबर्ग्यात जन्मलेले एस. एम. पंडित ह्यांनी पौराणिक स्त्री-पुरुषांना भारदस्त देहयष्टी दिली. हे चित्रकार एका हाताने दिनदर्शिकेसाठी पुराण रंगवीत आणि दुसऱ्या हाताने पुस्तकांची वेष्टने करीत. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या मुखपृष्ठांवर मुळगावकरांचा कुंचला अनेकदा दिसे. मराठी गद्यातील अद्भुताची ओढ ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या कादंबऱ्यांपासून चालत आली आहे. विसाव्या शतकात ती वाचनालयातील कपाटात आणि घरच्या भिंतीवर एकाच वेळी राहू लागली, आणि दोन्हीकडे चेहरा देणारे हात बरेचसे तेच होते.

ह्या चित्राने काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे, ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही साहित्य मिळाले. डिचोलीच्या बाजारातून दिनदर्शिका गुंडाळून घरी नेणारा शेतकरी कालिदास वाचणार नव्हता. पण हरिणीला कुरवाळणारी शकुंतला त्याच्या घरी आली आणि तिची गोष्ट काय, हा प्रश्न मुलांनी विचारलाच. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत सर्वांना जाता येत नव्हते. जातीच्या उतरंडीत ज्यांना सभामंडपाच्या बाहेर उभे राहावे लागे, त्यांच्या भिंतीवर देव पूर्ण चेहऱ्याने, समोरासमोर येऊन उभा राहिला. त्याला सोवळे-ओवळे नव्हते आणि त्याच्या दर्शनास कोणाची अनुज्ञा लागत नव्हती. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, त्यानंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि १९६२ मध्ये पणजीहून ‘गोमन्तक’ दैनिक निघू लागले. वाचनाची ही दारे उघडण्याआधी अनेक घरांत पुराणाचा प्रवेश ह्या चित्रांच्या वाटेने झालेला होता.

मात्र ह्या देण्याला किंमतही होती. जी देवी कळसात होती, वारुळात होती, झिजलेल्या दगडात होती, तिला चित्रातल्या लक्ष्मीचा गोरा, तरुण आणि सुबक चेहरा येऊ लागला. गावोगावच्या निराळ्या देवतांना एकाच साच्याचा मुखवटा चढला. जेथे प्रत्येक श्रोता आपापला रावण रचीत होता, तेथे सर्वांच्या मनातला रावण एकाच मिशांचा झाला. कावीतल्या तांबड्या-पांढऱ्या आकृती आणि चित्रकथ्याच्या टपोऱ्या डोळ्यांची माणसे छापील चित्रापुढे ओबडधोबड वाटू लागली; ज्या ओसरीवर चित्रकथ्याला बसण्यास सांगत, तेथे त्याचा आवाज उणा झाला. ह्यात चित्रकारांचा दोष नव्हता. त्यांनी आपले काम जीव ओतून केले. पण जे चित्र हजारांच्या संख्येने निघते, ते जेथे जाते तेथल्या मूळ चित्राला नकळत बाजूला सारते. सात बहिणींची कथा टिकली ती बव्हंशी जत्रेमुळे, निखाऱ्यांमुळे आणि मोगऱ्यामुळे. तिचा आधार छापील चेहरा नव्हता.

हाच अनुभव पुढे पाश्चात्त्य देशांनाही आला. इंग्रज लेखक टोल्किन ह्याची बुटके, चेटके आणि अद्भुत अंगठीची महाकथा १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७६, १९७७ आणि १९७८ ह्या वर्षांसाठी अमेरिकेतील ग्रेग आणि टिम हिल्डेब्रांट ह्या जुळ्या भावांनी त्या कथेच्या चित्रांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिका केल्या आणि त्या अतिशय लोकप्रिय झाल्या. पुढे अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ ह्या चित्रकारांनी त्याच कथेची चित्रे काढली, आणि २००१ ते २००३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाले तेव्हा त्या जगाचे रूप ठरविण्यासाठी ह्याच दोघांना बोलावण्यात आले. हिंदुस्थानात ही घटना फार पूर्वीच घडून गेली होती. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळके ह्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, आणि पडद्यावरचे देव भिंतीवरच्या देवांसारखे दिसू लागले. वाचकाने मनात रचलेले जग चित्रकार रंगवितो, आणि एकदा ते रंगले की पुढच्या पिढीला त्याहून वेगळे जग दिसेनासे होते, हा नियम पूर्व-पश्चिम दोन्हीकडे सारखाच लागू पडला.

योगायोग असा की, पश्चिमेत अद्भुताची दिनदर्शिका बहरास येत होती त्याच सुमारास मराठी मुलखात तिचा पहिला बहर ओसरत होता. १९७१ मध्ये दीनानाथ दलाल गेले. १९७२ मध्ये मळवलीचा रविवर्मा छापखाना आगीत सापडला. १९७६ मध्ये मुळगावकर गेले. मध्यंतरी १९७३ मध्ये मालवणचे जयंत साळगावकर ह्यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. तिथी, सण, मुहूर्त, पाककृती आणि आरोग्याचे लेख ह्यांनी भरलेली ती दिनदर्शिका घरोघर गेली आणि भिंतीवरच्या कागदाचे स्वरूपच पालटले. दूध किती घेतले, गॅस केव्हा संपला, परीक्षा कोणत्या दिवशी, हे लिहिण्यास मोठे चौकोन हवे होते. चित्राने जागा आवरून घेतली. लोकांनी काही गैर केले नाही. वाचता येणाऱ्या घराची गरज बदलली होती. परंतु चित्र लहान झाले तशी, ही कोणाची गोष्ट, असे विचारणाऱ्या मुलाची जागाही लहान झाली.

आता प्रश्न उरतो तो जतनाचा. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले; कृष्णदास शामा ह्या गोमंतकीय मराठी कवीचे नाव आज त्याला आहे. पुस्तके आणि वर्तमानपत्रे ह्यांना अशी आश्रयस्थाने असतात. दिनदर्शिकेला ती सहजासहजी मिळत नाहीत, कारण वर्ष संपताच टाकून देण्यासाठीच ती जन्माला येते. ती वाचली असेल तर एखाद्या ओसरीवर, धुराने पिवळ्या पडलेल्या काचेखाली. घर नव्याने बांधताना हीच चौकट सर्वांत आधी परसात जाते. तिच्या मागचा पुठ्ठा काढून पाहिला तर कधी छापखान्याचे नाव मिळेल, कधी कोपऱ्यात चित्रकाराची सही दिसेल, कधी कातरीतून सुटलेली एखाद्या दुकानाच्या नावाची अर्धी ओळ. एवढ्यावरून कोणते चित्र कोठे छापले गेले, कोणत्या बाजारातून आले आणि कोणत्या घरात राहिले, हे सांगता येते. राजांचा इतिहास ताम्रपटावर सापडतो. सामान्य घराच्या कल्पनेचा इतिहास अशा पुठ्ठ्यामागे सापडतो.

आणि त्या चौकटीच्या जोडीने आणखी एक गोष्ट जपली पाहिजे. चित्रात नसलेल्या देवीची कथा. शिरगावच्या कळसाला चेहरा का नाही, मोरजाई आणि लइराई बहिणी कशा, म्हापशाच्या चर्चमध्ये त्यांची बहीण कोण, ह्याची उत्तरे कोणत्याही छापील पानावर मिळणार नाहीत. ती सांगणाऱ्याच्या तोंडूनच ऐकावी लागतील. डोळ्यांना चेहरा देणारे चित्र आणि चेहरा मोकळा ठेवणारी कथा, दोन्ही एकाच मातीत वाढली. मुळगावकरांच्या अस्नोड्याहून मुळगाव किती दूर, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. मध्ये काही शेते आहेत आणि एक लहानशी नदी.